एक पिढी मागे

सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस लाहोर डिव्हिजन फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात उतरली. तिच्यात खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे आजच्या बॉम्बे सॅपर्सच्या, विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या होत्या. हिंदुस्थानातून आणलेल्या रायफली या फौजेकडून तिथंच काढून घेतल्या गेल्या आणि बदल्यात शॉर्ट ली-एनफिल्ड मार्क ३ या नव्या रायफली मिळाल्या, बरोबर मार्क ७ ची टोकदार गोळीची काडतुसं. आणलेल्या रायफली मोडक्या नव्हत्या. त्या जुन्या काडतुसाच्या होत्या, गोऱ्या पलटणींच्या एक पाऊल मागे, आणि एकाच खंदकात दोन तऱ्हेचा दारूगोळा पुरवणं कुणाला परवडणारं नव्हतं. महिना उलटला आणि २८ ऑक्टोबरला न्यव शापेल गावात ४७ व्या शिखांबरोबर खडकीच्या या दोन कंपन्या पायदळ म्हणून शिरल्या. त्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी त्या दिवशी पडले किंवा जखमी झाले.

ज्या रायफलीवर हे पुस्तक आहे ती हीच. पोलीस ठाण्यात, एनसीसीच्या मैदानावर, बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर आपण तिला थ्री नॉट थ्री म्हणून ओळखलं. जगभर तिच्यावर प्रेम करणारे हौशी लोक आहेत. ते तिचे स्क्रू मोजतात, शिक्के वाचतात, तिच्यावर ग्रंथ लिहितात. त्यांच्या या वेडाबद्दल मराठीत काही असावं एवढ्यासाठी मी लिहायला बसलो. लिहिता लिहिता लक्षात आलं की या रायफलीच्या हिंदुस्थानी आयुष्यात एक गोष्ट फिरून फिरून येते. आपल्या माणसाच्या हातात ती पोहोचते तेव्हा जग पुढच्या हत्यारावर गेलेलं असतं. इंग्रजांच्या राज्यात याचं कारण अविश्वास होतं. नंतर ते काटकसर झालं, आणि त्यानंतर नुसती सवय.

अविश्वासाची सुरुवात शोधायला फार लांब जावं लागत नाही. १८५३ च्या एनफिल्ड रायफलीचं चरबी लावलेलं काडतूस आणि बराकपूरचा मंगल पांडे ही कथा शाळेतल्या पुस्तकात असते. पेणजवळच्या वरसईहून उत्तरेकडे निघालेल्या विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’मध्येही काडतुसांची हकीकत आहे. बंडानंतर सरकारनं जे धडे घेतले त्यातले दोन हत्यारांचे होते. तोफखाना जवळजवळ सगळा गोऱ्यांच्या हाती ठेवायचा, आणि हिंदी पलटणीला गोऱ्या पलटणीपेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायची. गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी शिपायाकडे स्नायडर होती. गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा त्यांच्या जुन्या मार्टिनी इकडे सरकल्या. यात लपवाछपवी नव्हती, ते उघड धोरण होतं.

पोलिसांच्या बाबतीत तर त्याहून पुढची युक्ती झाली. ली-एनफिल्डच्या नळीतले पीळ कापून ती आतून गुळगुळीत करायची, मॅगझिनच्या जागेत लाकडाचा ठोकळा बसवायचा आणि एका वेळी एकच बार निघेल अशी .४१० मस्केट बनवायची. काडतूसही .३०३ च्याच पुंगळीचं, पण मान न आवळता सरळ ठेवलेलं. बाहेरून पाहणाऱ्याला रायफल दिसावी, हातात मात्र छर्ऱ्याची बंदूक असावी आणि लष्कराचं काडतूस तिच्यात चालू नये, असा हिशेब. संग्राहकांच्या बाजारात ही .४१० बरीच वर्षं दुर्लक्षित होती, कारण ‘खरी’ रायफल नाही म्हणून तिला कुणी विचारत नसे. मला विचाराल तर हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्याबद्दल तिच्याइतकं स्पष्ट बोलणारी वस्तू दुसरी सापडणं कठीण. आपल्याच शिपायाबद्दल सरकारला काय वाटत होतं, ते त्या लाकडी ठोकळ्यात आहे.

आता मूळ यंत्राकडे वळतो. ज्यांना यंत्रात रस नाही त्यांनीही पुढचे दोन-तीन परिच्छेद सोडू नयेत, कारण पुढचा सगळा वाद त्यांच्यावर उभा आहे.

जेम्स पॅरिस ली हा १८३१ मध्ये स्कॉटलंडमधल्या हॉइक गावी जन्मला, कॅनडातल्या गॉल्टमध्ये वाढला, घड्याळजीचं काम शिकला आणि पुढे अमेरिकेत गेला. त्याच्या काळात एकाहून जास्त गोळ्या भरायच्या तर त्या नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक ठेवत. त्यात एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेलं असे, आणि गोळी टोकदार झाली तर ती गोष्ट धोक्याची. लीनं १८७९ मध्ये पेटंट घेतलं ते बोल्टच्या खाली बसणाऱ्या उभ्या पेटीचं. काडतुसं एकावर एक, खालून स्प्रिंग, बोल्ट पुढे ढकलला की वरचं काडतूस आपोआप नळीत. आजच्या जवळजवळ प्रत्येक लष्करी रायफलीची पेटी याच कल्पनेवर चालते.

ब्रिटिश लष्करानं १८८८ मध्ये लीचा बोल्ट आणि पेटी घेतली आणि तिला विल्यम मेटफर्डच्या पिळाची नळी जोडली. मेटफर्डचे पीळ उथळ आणि गोलसर होते. काळ्या दारूचा मैला त्यात कमी साचे, म्हणून ते उत्तम. पण लवकरच काळी दारू गेली आणि कॉर्डाइट आलं. कॉर्डाइटचा जाळ इतका कडक की ते नाजूक पीळ बघता बघता झिजू लागले. मग लंडनच्या उत्तरेला एनफिल्ड लॉक इथल्या सरकारी कारखान्यात खोल, चौकोनी कडांचे पाच पीळ काढले गेले, आणि १८९५ मध्ये ली-मेटफर्डची ली-एनफिल्ड झाली. या एनफिल्डचं नाव आपल्या रस्त्यांवर अजून धडधडत जातं. रेडिचच्या एका सायकल कंपनीला या कारखान्याच्या सुट्या भागांचं काम मिळालं, त्या आनंदात तिनं आपल्या मालाला रॉयल एनफिल्ड हे नाव आणि तोफेचं चिन्ह दिलं. बुलेटवाल्यांनी तेवढं लक्षात ठेवावं.

१८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झालं आणि या रायफलीची अब्रू गेली. बोअर शेतकऱ्यांकडे जर्मन माउझर होत्या. पाच काडतुसांची एक पट्टी वरून दाबली की पेटी भरली. ब्रिटिश शिपाई दहा काडतुसं एकेक करून भरत होता. शिवाय बऱ्याच रायफलींची नेमाची पट्टी कारखान्यातच चुकीची बसली होती. युद्ध संपेपर्यंत दोन निर्णय ठरले: पट्टीनं भरता येईल अशी सोय करायची, आणि घोडदळाला आखूड, पायदळाला लांब अशा दोन बंदुका ठेवायच्या नाहीत. सव्वातीस इंचांच्या आसपासची नळी सव्वापंचवीस इंचांवर आली आणि सगळ्यांसाठी एकच आखूड रायफल तयार झाली. इंग्रजी जाणकारांनी तिच्यावर टीकेची झोड उठवली. पायदळाला फार आखूड, घोडदळाला फार लांब, नेमबाजाला अगदीच निकामी, असा त्यांचा सूर. खुद्द लष्करानंही १९१३ पर्यंत तिच्या जागी माउझरच्या धर्तीवरची नवी रायफल जवळपास पक्की केली होती. महायुद्ध सुरू झालं, कारखाने बदलायला वेळ उरला नाही, म्हणून काढून टाकायची ठरलेली रायफल जगातल्या सर्वांत नावाजलेल्या रायफलींपैकी एक झाली.

तिच्या रचनेतली गंमत अशी की तिची उणीव आणि तिचा गुण एकाच जागी आहेत. माउझरचा बोल्ट पुढच्या टोकाला अडकतो, काडतुसाच्या अगदी मागे. ते भक्कम. लीचा बोल्ट मागच्या टोकाला अडकतो, त्यामुळे बार उडताना सगळा बोल्ट आणि त्याची बॉडी किंचित दबते, ताणते. पुस्तकी अभियंत्याला हे आवडत नाही. पण मागे अडकल्यामुळे बोल्ट खेचायला कमी अंतर लागतं, दांडीही थोडीच उचलावी लागते, आणि तळहातानं फटकारून तो मिटवता येतो. पेटीत पाच नाही, दहा गोळ्या. सरावलेल्या शिपायाकडून मिनिटाला पंधरा नेमून मारलेल्या गोळ्यांची अपेक्षा असे आणि पुष्कळ शिपाई त्याहून पुढे जात. ऑगस्ट १९१४ मध्ये माँसला जर्मनांना समोर मशीनगनाच आहेत असं वाटलं, ही कथा संग्राहकांची लाडकी. तिच्यात तिखटमीठ किती हे या पुस्तकात मी तपासलं आहे. इथं एवढंच म्हणतो की कथा लाडकी असण्याचं कारण हा बोल्ट हातात घेतल्यावर कळतं.

याउलट कॅनडानं हट्टानं स्वतःची रॉस रायफल नेली. कागदावर ती जास्त अचूक, प्रत्यक्षातही नेमबाजीच्या मैदानावर बक्षिसं मिळवणारी. १९१५ मध्ये ईप्रच्या चिखलात तिचा बोल्ट अडकू लागला आणि कॅनडाचे शिपाई ती टाकून मेलेल्या ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड उचलू लागले. ली-एनफिल्डचे भाग एकमेकांत थोडे सैल बसतात. त्या सैलपणातून चिखल बाहेर पडायला जागा होती.

एका पत्र्याबद्दल सांगायचं राहिलं. मार्क ३ च्या पेटीच्या तोंडावर आडवा सरकणारा एक पोलादी पत्रा होता. तो आत सारला की पेटी झाकली जाई आणि शिपायानं एकेक काडतूस हातानं भरून मारायचं, पेटीतल्या दहा गोळ्या अडीनडीसाठी राखायच्या. शिपायाला मोकळीक दिली तर तो गोळ्या उधळेल, ही वरच्यांची भीती. रायफलीच्या डाव्या बाजूला लाकडात एक तबकडी असे, तिनं २,८०० यार्डांपर्यंतचा नेम धरता येई. दोन-अडीच किलोमीटरवरच्या शत्रूच्या दिशेनं सगळ्या पलटणीनं हुकमासरशी एकत्र बार काढायचा, ही जुनी कल्पना. १९१६ च्या सुमारास दोन्ही काढून टाकले, कारण खंदकात दोन्ही फुकट होतं आणि बनवायला वेळ लागे. आज मूळ पत्रा आणि मूळ तबकडी शाबूत असलेली मार्क ३ मिळाली तर संग्राहक तिच्यासाठी भरपूर मोजतात. त्या काळच्या शिपायाला जी अडगळ होती तीच आता मोलाची.

दुसऱ्या महायुद्धातल्या क्रमांक ४ या रायफलीबद्दल पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथं थोडक्यात. ती जाड नळीची, छिद्रातून नेम धरायची, बनवायला सोपी. इंग्लंडबरोबरच कॅनडात लाँग ब्रांचला आणि अमेरिकेत सॅव्हेज कंपनीकडे झाली. सॅव्हेजच्या रायफलींवर अमेरिकी सरकारची मालमत्ता असा ठसा आहे, कारण त्या उधारीच्या करारावर इंग्लंडला दिल्या होत्या. सगळ्या प्रकारांची मिळून बेरीज एक कोटी सत्तर लाखांच्या घरात धरतात.

एवढ्या रायफलींचं पुढे काय झालं, यातून संग्राहक जन्माला आला.

१९५० आणि ६० च्या दशकांत युरोपातली शस्त्रागारं रिकामी होत होती. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात सॅम्युएल कमिंग्ज नावाच्या माणसाच्या इंटरआर्म्स कंपनीनं असली शिल्लक हत्यारं शिपलोडनं विकत घेतली आणि मासिकातल्या जाहिरातींवर टपालानं विकली. मिडवेस्टमधला शेतकरी ती घ्यायचा, करवतीनं पुढचं लाकूड छाटायचा, नळीवरची कडी काढायचा आणि हरणाच्या शिकारीला जायचा. यात त्याचा दोष नव्हता, त्याला स्वस्त शिकारी बंदूक हवी होती. आज संग्राहक त्या छाटलेल्या रायफली पाहून हळहळतात, आणि काही जण जुनं लाकूड मिळवून त्या पुन्हा मूळ रूपात आणतात. टपालाचा हा व्यापार थांबला तो केनेडींच्या खुनानंतर. ओस्वाल्डनं वापरलेली इटालियन कार्कानो शिकागोच्या एका दुकानातून टपालानंच आली होती, दुर्बिणीसह १९ डॉलर ९५ सेंटला. १९६८ च्या कायद्यानं टपालविक्रीही बंद झाली आणि परदेशी लष्करी शिलकीची आयातही. आयात पुन्हा खुली झाली १९८० च्या दशकात, आणि मग आपल्याकडच्या ईशापूर कारखान्याच्या रायफली अमेरिकेत पोहोचल्या.

त्या पोहोचल्या तेव्हा तिथल्या हौशी मंडळींनी नाकं मुरडली. हिंदुस्थानी माल म्हणजे कच्चा, असा समज. काही आयातदारांनी तर त्या कापून, मूळ कधी नव्हतीच अशी ‘जंगल कार्बाइन’ बनवून विकली. हळूहळू मतं बदलली. काही जणांनी नीट पाहिलं तर पुढच्या लाकडात एक आडवा स्क्रू होता, जो इंग्लंडच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या रायफलीत नसतो. धक्क्यानं लाकूड चिरू नये म्हणून ईशापूरनं घातलेला. या स्क्रूला आता संग्राहकांच्या बोलीत ईशापूर स्क्रू हेच नाव आहे. हुगळीकाठच्या कुणा कारागिरानं किंवा तपासनिसानं चिरलेली लाकडं पाहून सुचवलेली ही दुरुस्ती असणार. त्याचं नाव कुठं लागत नाही, गावाचं मात्र जगभर लागलं.

ईशापूर बराकपूरहून जवळच. तिथं १७९१ पासून कंपनीची बंदुकीची दारू बनत होती, १९०४ मध्ये रायफलींचा कारखाना उभा राहिला. सत्तावनला जिथून ठिणगी पडली त्याच्या शेजारीच एनफिल्डच्या वारसदार रायफलीचा कारखाना, हा योगायोग इतका ठळक आहे की त्यावर जास्त बोलणं बरं दिसत नाही.

संग्राहक रायफल कशी वाचतो ते थोडं सांगायला हवं. बोल्टच्या दांडीखाली, दस्ता जिथं लोखंडाला भेटतो तिथं एक पट्टा असतो. त्याच्या उजव्या बाजूला मुकुट, राजाच्या नावाची अक्षरं, कारखाना, साल आणि मार्क. हा पट्टा म्हणजे रायफलीचा सातबाराच. मूळ मालक कोण, फेरफार किती झाले, बोजा कुणाचा, सगळं त्यावर आणि आसपासच्या ठशांत. बोल्टवर, नळीवर, नेमपट्टीवर, लाकडाच्या टोकावर अनुक्रमांक असतो. सगळे जुळले तर रायफल एकसंध. आपल्याकडच्या रायफलींवर सम्राटाची जी. आर. आय. ही अक्षरं दिसतात, आणि स्वातंत्र्यानंतरच्यांवर मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह. जोडीला कवायतीपुरती ठरवल्याचा ठसा, कारखान्यात पूर्ण दुरुस्ती झाल्याचा ठसा, सेवेतून विकून टाकल्याचे समोरासमोर टेकलेले दोन बाण. खैबरखिंडीच्या अलीकडे दर्रा आदमखेलमध्ये हातानं बनवलेल्या नकला याच ठशांवरून सापडतात. तिथल्या लोहारानं ठसा हुबेहूब काढलेला असतो, फक्त इंग्रजी अक्षर उलटं पडतं, किंवा १९०१ मध्ये वारलेल्या व्हिक्टोरिया राणीची अक्षरं पुढच्या कुठल्या तरी सालासोबत बसतात. गंमत म्हणजे या नकलांचेही आता स्वतंत्र संग्राहक आहेत, आणि मला ते पटतं. कुणाच्या तरी पोटासाठी घडवलेली वस्तू जास्त बोलते, मग ती नक्कल का असेना.

संग्राहकांतही पंथ आहेत. एक पंथ कोऱ्या वस्तूंचा. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या फॅझाकर्ली कारखान्यातून निघालेल्या, ग्रीस लावून कागदात गुंडाळलेल्या क्रमांक ४ च्या काही रायफली कधी उघडल्याच गेल्या नाहीत. त्या विकत घेणारा उघडायचंच टाळतो, कारण कागद फाडला की किंमत उतरते. मग त्यानं नेमकं काय विकत घेतलं, हा प्रश्न त्यांच्याच बैठकांत चेष्टेनं विचारला जातो. दुसरा पंथ मैदानावरचा. इंग्लंडच्या राष्ट्रीय रायफल संघटनेचं बिझली हे मैदान १८९० पासूनचं. तिथं शंभर वर्षांपूर्वीच्या रायफली अजूनही नेमबाजीत चालतात. हे लोक जुनी काडतुसं वापरल्यावर नळी उकळत्या पाण्यानं धुतात, कारण त्या काळच्या टोपीतल्या रसायनाचं मीठ पोलाद खातं. पाणी आधी, तेल नंतर, ही शिकवण नवख्याला पहिल्याच दिवशी मिळते. तिसरा पंथ कागदाचा. ऑस्ट्रेलियाचे इयान स्केनर्टन यांचा ‘द ली-एनफिल्ड स्टोरी’ हा ग्रंथ या सगळ्यांचा पायाभूत ग्रंथ. त्याआधी मेजर रेनॉल्ड्स यांचं १९६० चं पुस्तक. आणि एनफिल्डच्या नमुनाघरातला जुना साठा आता लीड्सला रॉयल आर्मरीजकडे आहे. मला सगळ्यांत जवळचा हा तिसरा पंथ, कारण भारतात राहून दुसरा कुठला धरता येत नाही.

आपल्या कायद्यात .३०३ हे सामान्य नागरिकाला बंदी असलेलं बोअर आहे. म्हणून आपल्याकडचा शिकारी किंवा शेतकरी ईशापूरचीच .३१५ घेत आला. बोल्ट पाहिला तर त्याच घराण्यातला, काडतूस मात्र ऑस्ट्रियाच्या जुन्या मान्लिकरवरून. लायसन्सवरच्या बंदुकींची संख्या २०१९ च्या दुरुस्तीनं तीनावरून दोनावर आली. कोकणात पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुका बाळगणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांना संग्राहक म्हटलं तर ते हसतील. तेव्हा मराठी हौशी माणसाच्या वाट्याला येतं ते आजूबाजूचं सामान. दस्त्याच्या पोकळीत राहणारी तेलाची पितळी कुपी, नळी साफ करायची दोरी, कॅनव्हासचा पट्टा. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात नशीब असेल तर यातलं काही हाती लागतं. विकणाऱ्याला ते काय आहे हे बहुधा ठाऊक नसतं, आणि ठाऊक नसेल तेच बरं.

पण महाराष्ट्राचा याहून मोठा वाटा आहे, आणि तो परदेशातल्या संग्राहकांनाच जास्त ठाऊक. जुन्या .३०३ काडतुसांच्या बुडावर के. एफ. ही दोन अक्षरं, साल आणि मार्क ७ ची खूण दिसते. के. एफ. म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली खडकी. १८६९ पासूनचा तो कारखाना. मार्सेयला नव्या रायफली घेतलेले सॅपर्स ज्या छावणीतून निघाले, तिच्याच शेजारचा. कॅनडातल्या किंवा न्यू साउथ वेल्समधल्या माणसाच्या खोक्यात खडकीची पुंगळी असते आणि तो तिच्याबद्दल मत बाळगून असतो, बहुधा फार चांगलं नाही. खडकीत वाढलेल्या माणसाला मात्र ती अक्षरं कुठवर गेलीत याची कल्पना नसते. कोलकात्याजवळच्या डमडमचं नाव याच काडतुसाच्या पायी बदनाम झालं. तिथल्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकाला आवरण नसलेली, शरीरात पसरणारी .३०३ ची गोळी काढली, आणि १८९९ च्या हेग परिषदेत असल्या गोळ्यांवर बंदीचा जाहीरनामा निघाला.

हौशी लिखाणात एक खोड असते, हत्यार कुणावर चाललं हे सोयीनं विसरायची. म्हणून स्पष्ट लिहितो. १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बागेत डायरच्या पन्नास शिपायांनी झाडलेल्या १,६५० गोळ्या .३०३ च्याच होत्या. आकडा हंटर समितीसमोर आला, म्हणून ठाऊक आहे. ते शिपाई गुरखे, बलुची, सरहद्दीकडचे होते. ज्यांच्यावर भरवसा नव्हता त्यांच्याच हातांनी ते झालं. या पुस्तकात बोल्टच्या चपळाईचं कौतुक जिथं जिथं आहे, तिथं वाचकानं दहा मिनिटांचा तो गोळीबारही मनात ठेवावा. मी ठेवला आहे, आणि त्यामुळे दोन-तीन ठिकाणी कौतुकाची वाक्यं काढून टाकली.

स्वातंत्र्यानंतर अविश्वास संपला, पण रायफल तीच राहिली. १९६२ मध्ये नामका चू नदीकाठी आपले जवान .३०३ घेऊन चिन्यांच्या स्वयंचलित हत्यारांसमोर उभे होते. त्यानंतर धावपळ झाली. एसएलआर ही नवी रायफल येईपर्यंत आणि पुरेशी येईपर्यंत तात्पुरती सोय म्हणून ईशापूरनं जुन्या मार्क ३ च्याच रचनेचं नाटोच्या ७.६२ काडतुसासाठी रूपांतर केलं. ही २ए, आणि नेमपट्टी २,००० वरून ८०० मीटरवर आणल्यावर २ए१. जगात सगळीकडे बोल्टच्या लष्करी रायफली भंगारात जात असताना नव्यानं बनलेल्या शेवटच्यांपैकी या. ८०० मीटरचा तो आकडा मला आवडतो. २,८०० यार्डांच्या तबकडीपासून तिथवर यायला लष्करी शहाणपणाला अर्धशतक लागलं.

लष्करातून ती पोलिसांकडे उतरली, आणि तिथं थांबली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटीवर एके-४७ घेऊन आलेल्यांसमोर जे पोलीस होते, त्यांच्यातल्या कित्येकांकडे जुन्या बोल्टच्या रायफली होत्या. त्या रात्रीवर भरपूर लिहिलं गेलं आहे, त्यात मी भर घालत नाही. फक्त हत्यारांचा अभ्यासक म्हणून एक नोंद. त्या रायफली वाईट नव्हत्या. ज्या कामासाठी त्या घडल्या ते काम १९१८ मध्येच संपत आलं होतं. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २६ जानेवारी २०२० च्या संचलनात समारंभानं निरोप दिला. समारंभ छान झाला असेल, पण निरोप निदान पन्नास वर्षं उशिरा होता, असं माझं मत.

निरोपानंतर पुढे काय, याचं उत्तर इतर देशांत लिलाव असतं आणि आपल्याकडे बहुधा भट्टी. सुरक्षेच्या दृष्टीनं ते चूक म्हणवत नाही, हजारो चालू रायफली बाजारात सोडा असं कोण म्हणेल? पण वितळवण्यापूर्वी कुणी तो पट्टा वाचून ठेवला का? कोणत्या साली बनली, कोणत्या पलटणीत गेली, केव्हा पोलिसांकडे आली, किती वेळा नळी बदलली. कॅनडात उत्तर ध्रुवाकडच्या रेंजर्सच्या क्रमांक ४ सेवेतून निघाल्या तेव्हा त्यातल्या प्रत्येकीची चर्चा हौशी मंडळींनी केली. ईशापूरची आकडेवारीही मला परदेशी ग्रंथांतून घ्यावी लागली, याचा राग प्रस्तावनेत नको म्हणून आवरता घेतो. राग पाचव्या प्रकरणात भरपूर आहे.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल दोन शब्द. पहिली तीन प्रकरणं रचनेची, मधली चार भारताची, शेवटची संग्राहकांची. रायफल कशी चालवावी किंवा दुरुस्त करावी हे यात नाही, ते शिकण्याची जागा पुस्तक नव्हे. भागांची नावं मी शस्त्रागारातले हवालदार वापरतात तीच ठेवली आहेत: बोल्ट बोल्टच, दस्ता दस्ता, पुढची माशी माशी. ज्या ठिकाणी संग्राहकांतच वाद आहे, उदाहरणार्थ २ए१ मध्ये शिकारीचं अमेरिकी काडतूस चालवावं की नाही, तिथं दोन्ही बाजू दिल्या आहेत आणि माझं मत शेवटी. परिशिष्टात ईशापूर आणि खडकीच्या ठशांचे तक्ते आहेत. ते अपुरे आहेत, विशेषतः १९४७ ते १९६२ या काळाचे. निवृत्त शस्त्रागार हवालदार, एनसीसीचे जुने प्रशिक्षक, खडकी किंवा वरणगावच्या कारखान्यात हयात घालवलेली माणसं, यांच्यापैकी कुणाकडे त्या काळचे ठसे, नोंदवह्यांची पानं किंवा नुसत्या आठवणी असतील तर प्रकाशकांच्या पत्त्यावर कळवावं. पुढच्या आवृत्तीत तक्ते दुरुस्त होतील.